एका गिअरची ट्वेंटीनाइनर आणि मागे ट्रेलर: सगळे काही मागच्या ॲक्सलपाशी ठरते

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याकडे २९ इंची चाकांची, पोलादी फ्रेमची, सस्पेन्शन नसलेली सिंगल स्पीड माउंटन बाइक आहे. तिला पुढे ३२ आणि मागे १८ दाते आहेत, आणि रिकाम्या सायकलवर नेहमीचे चढ त्यांना जमतात. आता तंबू, स्वयंपाकाचे साहित्य, पाणी आणि कपडे असे सुमारे २० किलो सामान ट्रेलरवर घालून कच्च्या रस्त्यांनी आणि जंगलवाटांनी काही दिवसांचा प्रवास करण्याचा त्यांचा विचार आहे. गिअर कोणता ठेवावा, ट्रेलर कोणत्या प्रकारचा घ्यावा, फ्रेम आणि मागचे चाक हा भार सोसतील का, आणि या सगळ्या खटाटोपापेक्षा गिअरची सायकल घेणेच शहाणपणाचे ठरेल का, असे त्यांनी विचारले आहे.

ही जोडणी चालते, आणि योग्य वाटेवर फार चांगली चालते. मात्र ती चालते की नाही हे ट्रेलरच्या किमतीवर किंवा फ्रेमच्या नावावर ठरत नाही. ते मागच्या ॲक्सलपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यापाशी ठरते. चेन ॲक्सलला पुढे ओढते, ट्रेलर मागे ओढतो, सामानाच्या वजनाचा काही भाग त्याच्यावर येतो, डिस्क ब्रेकचा झटका त्याच्या शेजारीच बसतो, आणि सिंगल स्पीडमध्ये चेन किती ताठ राहणार हेही बहुतेक वेळा ॲक्सल फ्रेमच्या खाचेत नेमका कुठे बसला आहे यावरच अवलंबून असते. गिअरच्या सायकलीत चेनची सैल सावरून घ्यायला डिरेलर (गिअर बदलणारा स्प्रिंगचा भाग) असतो, त्यामुळे मागचे चाक काढून पुन्हा बसवणे ही साधी गोष्ट असते. सिंगल स्पीडमध्ये नट सैल केला की चेनचा ताण, चाकाचा सरळपणा आणि ब्रेकची जागा ही तिन्ही पुन्हा जुळवावी लागतात. म्हणून पुढच्या प्रत्येक निर्णयात मी एकच कसोटी लावतो: यामुळे ॲक्सलला हात लावण्याची वेळ किती वेळा येईल?

आधी गिअर पाहू, कारण तिथे अंदाजापेक्षा हिशोब जास्त उपयोगी पडतो.

२९ इंची म्हटल्या जाणाऱ्या रिमचा, टायर बसतो त्या कडेवरचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो. रस्त्यावरच्या ७००सी चाकाचाही तेवढाच असतो. जुन्या २६ इंची माउंटन बाइकचा ५५९ मिलिमीटर असे. २.२ इंची टायर लावलेले २९ इंची चाक एका फेरीत साधारण २.३० मीटर पुढे जाते, तर २.१ इंची टायरचे २६ इंची चाक सुमारे २.०९ मीटर. म्हणजे दाते तेच ठेवून केवळ चाक मोठे केले तरी गिअर दहा टक्क्यांनी जड होतो. २६ इंची सिंगल स्पीडवर पुढच्या दात्यांच्या निम्मे दाते मागे ठेवण्याचा जो जुना प्रघात होता, तो २९ इंची चाकावर जसाच्या तसा आणणारे लोक विनाकारण गुडघे झिजवतात. तोच जोर ठेवायचा तर इथे गुणोत्तर १.८ च्या आसपास असायला हवे. तुमचे ३२-१८ हे १.७८ आहे, म्हणजे रिकाम्या सायकलसाठी ते योग्यच आहे.

आता त्यात ट्रेलर जोडू. ७५ किलोचा सायकलस्वार, १२ किलोची सायकल, ७ किलोचा ट्रेलर आणि २० किलो सामान मिळून ११४ किलो होतात. ट्रेलरशिवाय हाच आकडा ८७ होता. चढावर ओढायचे वजन थेट ३१ टक्क्यांनी वाढले. खडबडीत कच्च्या रस्त्यावर चाकांच्या घर्षणाचा विरोध एकूण वजनाच्या दोन टक्के धरला, क्रँक (पॅडलचा दांडा) १७५ मिलिमीटरचा धरला आणि पॅडलच्या प्रत्येक फेरीत जोर चढतो-उतरतो हे लक्षात घेतले, तर ३२-१८ वर १० टक्के चढ चढताना रिकाम्या सायकलवर पॅडलवरचा कमाल जोर ६१ किलो वजनाएवढा येतो. ट्रेलरसह तो ८० किलोच्या घरात जातो. ७५ किलोचा माणूस पॅडलवर उभा राहिला तरी स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर हँडल वर ओढूनच काढू शकतो, आणि तसे काही क्षणच करता येते. तुमच्या सध्याच्या गिअरवर ट्रेलरसह १० टक्क्यांचा लांब चढ का जमणार नाही, याचे उत्तर एवढेच आहे. त्यात ताकदीची किंवा सरावाची कमतरता नाही. उलट ८ टक्के चढावरही ट्रेलरसह ६७ किलोचा जोर लागतो, म्हणजे रिकाम्या सायकलवर १० टक्क्यांना लागतो त्याहून जास्त.

रिकाम्या सायकलवर जो जोर लागत होता तेवढाच ठेवायचा असेल, तर मागचे दाते १८ वरून सुमारे २४ करावे लागतील. चढावर ते सुखाचे असेल, पण सपाटीवर मिनिटाला ८० फेऱ्या मारूनही वेग ताशी १५ किलोमीटरच्या खालीच राहील, आणि दिवसभर तसे पाय फिरवणे बहुतेकांना कंटाळवाणे होते. माझा सल्ला मधला आहे: ३२-२२. या गिअरवर ८० फेऱ्यांना ताशी १६ किलोमीटर मिळतात, आणि ट्रेलरसह १० टक्के चढावर कमाल जोर ६५ किलोच्या आसपास राहतो, जो उभे राहून चालवणाऱ्याला पेलतो. त्याहून तीव्र चढ आला तर उतरून ढकलावे. सिंगल स्पीडवाल्यांमध्ये उतरणे कमीपणाचे मानण्याची एक सवय असते. ट्रेलर लावल्यावर ती सोडून द्यावी, कारण १२ टक्क्यांच्या चढावर मिनिटाला तीस फेऱ्यांनी कुंथत जाणारा माणूस आणि शेजारून चालणारा माणूस यांच्या वेगात फार अंतर नसते, आणि चालणाऱ्याचे गुडघे दुसऱ्या दिवशीही त्याच्या सोबत असतात. तुमची वाट बहुतांश सपाट असेल तर ३२-२० पुरे; त्यावर ८० फेऱ्यांना ताशी १८ किलोमीटरच्या जवळपास वेग मिळतो.

१८ वरून थेट २२ दात्यांवर जाण्यात आणखी एक सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. कॉगला (मागच्या दातेरी चक्राला) चार दाते वाढवले की चेनला बरोबर एक पूर्ण जोड, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी, जास्त लागते. ती घातली की ॲक्सल खाचेत जिथे होता तिथेच राहतो. साहजिकच ब्रेकची जागाही बदलत नाही. १८ वरून २० केले तर मात्र तीच चेन ठेवून ॲक्सल सहा मिलिमीटरहून थोडा जास्त पुढे सरकतो. खाच लांब असेल तर चालते, आखूड असेल तर अर्धी कडी शोधत बसावे लागते. म्हणून मी १८ आणि २२ अशा दोन कॉगसाठी दोन वेगळ्या चेन ठेवायला सांगतो. एक रोजची, एक प्रवासाची. प्रत्येक चेन आपापल्या कॉगबरोबर झिजते, आणि जुन्या कॉगवर नवी चेन चढवल्यावर भाराखाली दाते सोडण्याचा जो धोका असतो तो टळतो. उभे राहून पूर्ण वजन टाकलेले असताना चेनने दाता सोडला तर माणूस सरळ हँडलवर आदळतो.

आता ॲक्सलकडे येऊ. ट्रेलर मागे ओढून चाक खाचेतून बाहेर काढेल अशी भीती बहुतेक नवख्यांना असते, आणि आडव्या, मागे उघडणाऱ्या खाचा पाहिल्या की ती साहजिकही वाटते. आकडे मात्र उलट सांगतात. वर हिशोबात धरलेल्या २७ किलोच्या भरलेल्या ट्रेलरची १० टक्के चढावरची ओढ साधारण तीन किलो वजनाएवढी असते. त्याच क्षणी ३२ दात्यांच्या चेनरिंगवरून (पुढच्या दातेरी चक्रावरून) येणारा चेनचा कमाल ताण पावणेदोनशे किलोच्या आसपास असतो. तो पुढच्या दिशेने आणि केवळ उजव्या बाजूला लागतो. चाक सरकते ते या ताणामुळे. उजवा नट थोडासा सरकतो, चाक तिरके होते, टायर डाव्या चेनस्टेला (ॲक्सलकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) घासू लागतो आणि चेन सैल पडते. ट्रेलरचा दोष एवढाच की त्याच्यामुळे तुम्हाला पॅडलवर जास्त जोर द्यावा लागला.

यावर उपाय तीन आहेत आणि ते एकत्रच करावेत. मागच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) क्विक रिलीजऐवजी, म्हणजे हाताने उघडणाऱ्या खटक्याऐवजी, नटांचा किंवा बोल्टचा ॲक्सल असावा. पोलादी ॲक्सलचे नट साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात, पण तुमच्या हबच्या निर्मात्याने सांगितलेला आकडा अंतिम समजावा. दुसरे, निदान उजव्या बाजूला चेन टग (ॲक्सलला खाचेत मागे धरून ठेवणारा धातूचा भाग) बसवावा, म्हणजे ॲक्सल पुढे सरकण्याचा प्रश्न घर्षणावर न राहता धातूच्या आधारावर जातो. तिसरे, जमिनीपासूनचे अंतर पुरत असेल तर पुढची आणि मागची दोन्ही चक्रे मोठी घ्यावीत. ३६-२२ ही जोडी ३२-२० च्या जवळच बसते, पण तेवढ्याच पॅडलच्या जोराला चेनवरचा ताण अकरा टक्क्यांनी कमी येतो. चेन, फ्रीव्हीलचे खटके आणि ॲक्सल या तिघांनाही त्याचा फायदा होतो. खडकाळ वाटेवर मात्र चेनरिंग आठ मिलिमीटर खाली येते, आणि ओंडके किंवा पायऱ्या ओलांडणाऱ्याला ते परवडत नाही.

ज्यांच्या फ्रेमला आडवी खाच नसून सरकणारे ड्रॉपआउट (ॲक्सल धरणारा फ्रेमचा भाग) किंवा एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा पुढे-मागे सरकवता येणारा आस) आहे, ते या बाबतीत सुखी आहेत, कारण तिथे चेन ताणण्याची आणि चाक पकडण्याची कामे वेगळी झालेली असतात. स्प्रिंगचा चेन टेन्शनर लावून गिअरच्या फ्रेमची सिंगल स्पीड केलेली असेल, तर ट्रेलर ओढण्यासाठी मी ती सुचवणार नाही. त्या रचनेत कॉगभोवती चेनचा वेढा कमी पडू शकतो आणि कमाल ताणाच्या क्षणी दाते सुटण्याची शक्यता वाढते. टेन्शनर वापरावाच लागला तर चेन खालून वर ढकलणारा घ्यावा, म्हणजे वेढा वाढतो.

कॉगच्या बैठकीबद्दल एक सूचना. कॅसेट हबवर (जिथे कॉग खाचांच्या नळीवर सरकवून बसवतात) पातळ, पत्र्यासारखा कॉग वापरू नये. ॲल्युमिनियमच्या फ्रीहबवर, म्हणजे त्या नळीवर, तो खाचा पाडत आत रुततो, आणि ट्रेलरच्या भाराने हे फार लवकर होते. रुंद बुडाचा कॉग घ्यावा.

ट्रेलरची निवड करताना तो हिचच्या, म्हणजे सायकलला जोडण्याच्या, पद्धतीनुसार पाहावा, कारण वाटेवर रोज संध्याकाळी तुम्ही तो सोडणार आहात. बाजारात माउंटन बाइकसाठी मुख्यतः तीन घराणी आहेत. एकाचे मागे १६ इंची एकच चाक असते आणि पुढचा दुशाखी दांडा सायकलच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी धरतो. बॉब याक हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण असून त्याची सामानाची मर्यादा ३२ किलोच्या आसपास आहे. दुसऱ्याला दोन चाके असतात आणि तो ॲक्सलच्या डाव्या टोकाला एका लवचिक सांध्याने जोडला जातो. तिसरा प्रकार पोलंडच्या एक्स्ट्राव्हीलने रूढ केला: सायकलच्या चाकाएवढेच एक मोठे चाक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पिशव्या.

तिन्हींमध्ये चांगली गोष्ट अशी की योग्य भाग बसवले तर ट्रेलर काढताना ॲक्सल सैल करावा लागत नाही. पहिल्या प्रकारात ॲक्सलच्या दोन्ही टोकांना खोबणी असलेले खास नट किंवा खास स्क्यूअर (ॲक्सलच्या आरपार जाणारी सळई) कायमचे बसतात आणि ट्रेलरचा दांडा त्यांवर वरून टेकवून पिनेने अडकवला जातो. नटांच्या ॲक्सलसाठी तशाच खोबणीचे नट मिळतात का हे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे. केवळ स्क्यूअर मिळत असेल तर ते सिंगल स्पीडच्या कामाचे नाही. दुसऱ्या प्रकारात नटाखाली एक पोलादी पट्टी कायम राहते. ती पट्टी काही मिलिमीटर जाडीची असते, म्हणून ती घातल्यानंतरही नटाचे सगळे आटे ॲक्सलवर बसले आहेत आणि ॲक्सलचे टोक नटाबाहेर दिसते आहे याची खात्री करावी. डाव्या बाजूचा डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) पट्टीच्या आड येतो का, तेही दुकानातच पाहावे. फ्रेमला १२ मिलिमीटरचा थ्रू ॲक्सल (फ्रेममध्येच आट्यांनी बसणारा दांडा) असेल तर ट्रेलरसाठीचा वेगळा ॲक्सल घ्यावा लागतो, आणि तो घेताना लांबीइतकेच आट्यांचे अंतर जुळणे महत्त्वाचे असते, १.०, १.५ आणि १.७५ मिलिमीटर अशी तिन्ही अंतरे प्रचलित आहेत आणि एकाच्या जागी दुसरा बसवण्याचा प्रयत्न केला तर फ्रेमचे आटे कायमचे जातात.

एकचाकी ट्रेलर घेताना २९ इंची चाकामुळे एक अडचण येते. दांड्याची कमान मुळात २६ इंची चाकासाठी आखलेली असेल तर मोठा टायर तिला घासतो, विशेषतः सायकल खड्ड्यात उतरते आणि ट्रेलर वर राहतो त्या क्षणी. मोठ्या चाकासाठी लांब कमानीची आवृत्ती वेगळी मिळते, तीच घ्यावी. जोडून झाल्यावर ट्रेलरचे शेपूट हाताने उचलून आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर आणि कमानीत बोटभर तरी जागा उरते का ते पाहावे. त्यावर चिखलाचा थर येणार आहे हे विसरू नये.

आता एक गोष्ट जी मला या विषयातली सर्वात दुर्लक्षित वाटते. मोठे चाक अडथळ्यावरून सहज जाते, हे २९ इंची सायकलचे मोठे भूषण मानले जाते, आणि ते खरेही आहे. पाच सेंटिमीटर उंचीच्या दगडाला २९ इंची चाक सुमारे ३० अंशांच्या कोनात भिडते, २६ इंची चाक सुमारे ३२ अंशांत. फरक आहे, पण लहान. १६ इंची ट्रेलरचे चाक मात्र त्याच दगडाला ४१ अंशांत भिडते. म्हणजे ज्या वाटेवरून तुमची सायकल निर्धास्त तरंगत जाते, त्याच वाटेवर मागचे लहान चाक प्रत्येक दगडाला धडकत असते, आणि ती धडक दांड्यातून थेट तुमच्या मागच्या ॲक्सलवर येते. २९ इंची सायकलवाल्याने म्हणूनच वेग आणि मार्ग ठरवताना आपल्या चाकाचा विचार सोडून ट्रेलरच्या चाकाचा विचार करावा. वाट खरोखर दगडाळ असेल तर मोठ्या चाकाचा ट्रेलर हेच योग्य उत्तर आहे. मुरमाचा किंवा मातीचा रुंद रस्ता असेल तर १६ इंची चालतो. ट्रेलरमध्ये सस्पेन्शन असले तर सामानाचा खडखडाट कमी होतो, पण दगडाला भिडण्याचा कोन बदलत नाही. कॅनडा आणि अमेरिकेतून जाणाऱ्या ग्रेट डिव्हाइड माउंटन बाइक रूटवर एकचाकी ट्रेलर अनेक वर्षे लोकप्रिय राहिले, कारण त्या हजारो किलोमीटरच्या मार्गाचा बहुतांश भाग खडीचे आणि मातीचे रस्ते आहेत. अरुंद, दगडाळ पायवाटा तिथे थोड्याच.

दोन चाकांचा ट्रेलर सपाट, रुंद रस्त्यावर सर्वांत निवांत चालतो आणि त्याला उभे ठेवून सामान भरता येते. पण अरुंद वाटेवर त्याचे एक चाक हमखास कडेच्या दगडावर चढते आणि तिरप्या उतारावर तो कलंडतो. त्यात सामान भरताना वजन चाकांच्या किंचित पुढे ठेवावे, म्हणजे दांड्यावर थोडा दाब राहतो. वजन मागे गेले तर ट्रेलर सायकलचे मागचे चाक उचलू पाहतो आणि चढावर पकड जाते. मुलांना बसवायचा ट्रेलर दगडाळ वाटेवर नेऊच नये.

एकचाकीत सामानाच्या वजनाचा बराच वाटा सायकलच्या मागच्या चाकावर येतो. सुट्या खडीच्या चढावर उभे राहून पॅडल मारताना तुमचे वजन पुढे जाते आणि मागचे चाक घसरते, तेव्हा हाच वाटा पकड टिकवून ठेवतो. सिंगल स्पीडवाल्याला तो इतरांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. याच ट्रेलरचा एक त्रासही सिंगल स्पीडवाल्यालाच जास्त जाणवतो. हा ट्रेलर सायकलबरोबर झुकतो. उभे राहून सायकल डावीकडे-उजवीकडे झुलवण्याची आपली सवय त्याला आवडत नाही. प्रत्येक झोक्याला मागचे २७ किलो झुलतात, आणि एका झुल्यानंतर दुसरा सुरू होण्याआधी मागची बाजू साप वळवळावा तशी हलते. उपाय असा की सायकल सरळ धरून आपले शरीर हलवावे, हँडलला खाली दाबण्याऐवजी मागे ओढावे आणि कंबर सीटच्या टोकाच्या थोडी पुढे ठेवावी. जड सामान, विशेषतः पाणी आणि अन्न, पिशवीच्या तळाशी ठेवले तर झुलणे निम्म्याने कमी झाल्यासारखे वाटते. तंबूच्या काठ्या वर बांधू नयेत.

चाकाच्या मजबुतीबद्दलची चिंता सिंगल स्पीडवाल्याने जरा कमी करावी. २९ इंची चाकाचे स्पोक लांब असल्याने ते बाजूच्या दिशेने २६ इंची चाकापेक्षा कमी ताठ असते, आणि झुकणारा ट्रेलर नेमका बाजूचाच भार टाकतो, हे खरे. पण खऱ्या सिंगल स्पीड हबवर आठ-दहा कॉगना जागा सोडावी लागत नाही. त्यामुळे दोन्ही फ्लँज (हबच्या स्पोक अडकवायच्या कडा) मध्यापासून जवळपास सारख्या अंतरावर राहतात, दोन्ही बाजूंच्या स्पोकचा ताण सारखा असतो आणि चाक गिअरच्या चाकापेक्षा स्पष्टपणे मजबूत होते. ३२ स्पोक, रुंद रिम आणि नीट ताणलेले चाक या वजनाला पुरते. तुम्ही स्वतः ९० किलोच्या वर असाल तर ३६ घ्यावेत. फ्रेमच्या बाबतीत मी एवढेच सांगेन की निर्मात्याने ट्रेलरला मनाई केलेली नसावी, आणि कार्बन फ्रेम असेल तर त्याची स्पष्ट परवानगी असावी. पोलादी फ्रेमवर दर काही दिवसांनी उजव्या ड्रॉपआउटजवळचा जोड पुसून पाहावा. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर प्रवास तिथेच थांबवावा.

मागच्या टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा ठेवावी. पुढच्यात बदल करू नये.

ब्रेक हा विषय सिंगल स्पीडवाले हलका घेतात, कारण उतारावर आपले पाय लवकर निकामी होतात आणि वेग फारसा वाढत नाही असे त्यांना वाटते. सपाटीवर ते खरे आहे, उतारावर नाही. ३०० मीटर खाली उतरताना ११४ किलोमध्ये ८७ किलोपेक्षा ३१ टक्के जास्त ऊर्जा असते आणि वेग आटोक्यात ठेवायचा तर तिचा मोठा भाग रोटर (ब्रेकची चकती) आणि पॅडमध्ये उष्णतेच्या रूपाने जातो. शिवाय मोठ्या चाकाची त्रिज्या दहा टक्के जास्त असल्याने तेवढ्याच रोटरला थांबवण्यासाठी तेवढीच जास्त पकड द्यावी लागते. पुढे १८० मिलिमीटरचा रोटर लावावा, फ्रेम आणि फोर्क परवानगी देत असतील तर. लांब उतारावर सेंद्रिय पॅडपेक्षा धातूचे पॅड उष्णता चांगली सोसतात.

वळणाआधी, सायकल सरळ असतानाच वेग कमी करणे ही सवय ट्रेलरसह अनिवार्य आहे. वळणात मागचे चाक ब्रेकने लॉक झाले तर मागून ढकलणारा ट्रेलर सायकलची शेपटी बाहेर फेकतो आणि दोघे कात्रीसारखे मिटतात. तीव्र, ओल्या वळणावर उतरून चालणे योग्य. ट्रेलरचे चाक वळणात आतल्या बाजूने कापत जाते, म्हणून झाडाला किंवा दगडाला वळसा घालताना सायकल नेहमीपेक्षा बरीच बाहेर नेऊन मग वळवावी. ट्रेलरच्या निर्मात्याने दिलेली कमाल वेगाची मर्यादाही पाळावी. मागचे लहान चाक एका ठरावीक वेगानंतर डोलू लागते, आणि ते डोलणे सुरू झाल्यावर जोरात ब्रेक दाबणे हा वाईट उपाय असतो. हळूहळू वेग उतरवावा आणि हँडल घट्ट आवळू नये.

चढावर सुरुवात करणे हे सिंगल स्पीड आणि ट्रेलर मिळून सर्वात अवघड काम आहे. हलका गिअर निवडून निघण्याची सोय नाही आणि ट्रेलर मागे ओढतो आहे. थांबायचेच असेल तर जिथे चढ क्षणभर सौम्य होतो अशी जागा बघून थांबावे. निघताना पुढचा क्रँक घड्याळातल्या दोनच्या ठिकाणी ठेवावा, मागचा ब्रेक धरून एक पाय पॅडलवर पूर्ण वजनाने टाकावा आणि त्याच क्षणी ब्रेक सोडावा. फ्रीव्हीलचे खटके पटकन धरणारा हब इथे कामाला येतो. ढकलत चढताना एक हात हँडलवर आणि दुसरा सीटवर ठेवला तर ट्रेलर सरळ मागे येतो. दोन्ही हात हँडलवर ठेवले की सायकल दुमडते. ओढे आणि पडलेले वृक्ष यांच्याशी झटापट करू नये. ट्रेलर सोडावा, दोन फेऱ्या माराव्यात.

सोबत काय घ्यावे याची यादी मी देत नाही, पण दोन गोष्टी लोक विसरतात. ट्रेलरच्या चाकाची ट्यूब आणि टायर वेगळे असतात, आणि १६ इंची या एकाच नावाखाली ३०५ आणि ३४९ मिलिमीटरचे दोन न जुळणारे आकार विकले जातात. टायरच्या बाजूवर छापलेला मिलिमीटरचा आकडा पाहूनच सुटा टायर घ्यावा. दुसरे म्हणजे ॲक्सलच्या नटाला बसणारा मोठा पाना, तोही पुरेशा लांबीच्या दांड्याचा. सायकलच्या छोट्या बहुउपयोगी हत्याराने तो नट नीट आवळला जात नाही. पहिल्या दिवशी दुपारी एकदा आणि नंतर रोज सकाळी नट, चेन टग आणि चेनची सैल तपासावी. वरच्या चेनच्या मध्यावर साधारण एक सेंटिमीटर हालचाल असावी. क्रँक पूर्ण फिरवून जिथे ती सर्वात ताठ होते तिथे हे मोजावे, कारण चेनरिंग क्वचितच अगदी गोल फिरते.

राहिला शेवटचा प्रश्न, गिअरची सायकल घ्यावी का. सामान दहा किलोच्या आत बसत असेल तर गिअरही नको आणि ट्रेलरही नको. फ्रेमवर बांधायच्या पिशव्यांत ते घालावे, म्हणजे ट्रेलरचे सात किलो वाचतात आणि ३२-२० वर चढ पुन्हा आटोक्यात येतात. सामान २० किलो असेल आणि वाट चढ-उतारांची पण चढ ८ टक्क्यांच्या आसपास राहणारे असतील, तर ३२-२२ चा सिंगल स्पीड हा माझ्या मते तक्रारीला जागा न देणारा पर्याय आहे. चिखलात अडकणारा डिरेलर नाही, ट्रेलरच्या कमानीशी भांडणारा त्याचा लोंबता भाग नाही, आणि मागचे चाक मजबूत. पण तासन्‌तास चालणारे १० टक्क्यांवरचे चढ रोज असतील, तर डिरेलरपेक्षा मी हबच्या आतल्या गिअरकडे जाईन. शिमानोच्या आठ गिअरच्या अल्फिन हबमध्ये सर्वात जड गिअर सर्वात हलक्याच्या सुमारे ३०७ टक्के असतो, रोलॉफच्या १४ गिअरच्या हबमध्ये ५२६ टक्के. दोन्हींत चेन सरळ राहते आणि तुमची आडवी खाच, चेन टग हे सगळे वापरता येते. फक्त खरेदीपूर्वी त्या हबचे ॲक्सल, त्याचे न फिरणारे वॉशर आणि ट्रेलरची हिच हे तिन्ही एका टोकावर मावतात का, ते प्रत्यक्ष भाग हातात घेऊन जुळवून पाहावे.